तिच्या जागी मी उभी राहते, पण माझी जागा कुठे?

ताई,

मी २६ वर्षांची आहे. कॉलेजात एकांकिका केल्या, नंतर तीन वर्षं प्रायोगिक नाटक. गेल्या वर्षी एका मालिकेसाठी ऑडिशन दिली. भूमिका मिळाली नाही, पण आठवड्याने तिथल्या सहायक दिग्दर्शकाचा फोन आला. नायिकेची उंची आणि रंग तुझ्याशी जुळतो, स्टँड-इन म्हणून येशील का? म्हणजे लाइट आणि कॅमेरा लावताना तिच्या जागी, जमिनीवरच्या टेपच्या टी-मार्कवर उभं राहायचं. पैशांची गरज होती, सेट जवळून बघायला मिळणार होता, मी हो म्हणाले. त्याला आता ११ महिने झाले.

काम मला आवडतं. लाइटची, कॅमेऱ्याची माणसं मला नावाने हाक मारतात. मॅडमही, म्हणजे नायिका, चांगल्या आहेत. समोरचा कलाकार निघून गेलेला असला की त्याच्या वाक्यांचे क्यू मीच देते. पण या ११ महिन्यांत माझ्या जेमतेम चार ऑडिशन झाल्या. कास्टिंगकडून दोनदा बोलावणं आलं तेव्हा मी शूटवर होते. हल्ली सजेशनच्या शॉटला, म्हणजे समोरच्याचा चेहरा आणि पाठमोऱ्या पात्राचा फक्त खांदा दिसतो तेव्हा, मॅडमचा कॉस्च्युम घालून माझा खांदा लावतात, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. आता क्रिएटिव्हने, म्हणजे कथा आणि पात्रं बघणाऱ्या टीमने, विचारलंय, हॉस्पिटलच्या ट्रॅकमध्ये नर्सची तीन वाक्यं आहेत, करशील का?

मैत्रीण म्हणते, कर, आणि काम अजिबात सोडू नकोस. एक दिवस मॅडम आजारी पडतील आणि तुझं नशीब उघडेल. नाटकातले मित्र म्हणतात, स्टँड-इनचा शिक्का बसला की संपलं, मग कलाकार म्हणून कोणी बघत नाही. आई सगळ्यांना सांगते की मुलगी मालिकेत आहे. नातेवाईक विचारतात, कितव्या भागात दिसणार? मी विषय बदलते.

सोडू का?

– टी-मार्कवरची

*

प्रिय टी-मार्कवरची,

लगेच सोडू नकोस. पण गेले ११ महिने जसं चाललंय, तसा बारावा महिना काढू नकोस.

तुझ्या मैत्रिणीच्या स्वप्नापासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात गोड गोष्ट ती आहे आणि वर्षं खाते तीही तीच. मुख्य नटी आजारी पडते, कोपऱ्यातली मुलगी तिच्या जागी उभी राहते आणि रातोरात तारका होते, ही कथा अगदीच खोटी नाही. १९५४ साली ब्रॉडवेवर 'द पजामा गेम' या संगीतिकेत कॅरल हॅनीचा पाय दुखावला आणि तिच्या जागी शर्ली मॅक्लेन उतरली. हॅल वॉलिस या निर्मात्याने तिला तिथे पाहिलं आणि सिनेमाचा करार दिला. पण मॅक्लेन तिथे अंडरस्टडी होती. अंडरस्टडीचं कामच आयत्या वेळी उभं राहण्याचं. तिची भूमिका पाठ असते, तिने तालमी केलेल्या असतात, कारण तिकिटं विकली गेलेली असतात आणि ठरल्या वेळी पडदा वर जायचाच असतो.

मालिकेला असा पडदा नसतो. मॅडम दोन दिवस आल्या नाहीत तर काय होतं ते तू स्वतः पाहिलं असशील. त्यांच्याशिवायचे सीन पुढे ओढले जातात. लेखकाला फोन जातो आणि नायिका एकाएकी परगावी जाते, बाकीची पात्रं तिच्याबद्दल फोनवर बोलत राहतात. हातात शिल्लक असलेले भाग वापरले जातात. आणि मॅडमनी मालिका सोडलीच, तर चॅनेल, निर्माते, क्रिएटिव्ह सगळे बसतात, यादी निघते, लुक टेस्ट होतात. त्या यादीत 'आपल्याकडे रोज उभी राहणारी ती मुलगी' हे नाव कोणी घालत नाही. त्यात दुष्टावा काही नसतो, तसं सुचतच नाही. तुझी निवड झाली ती तुझ्यावर पडलेला प्रकाश मॅडमवरही तसाच पडेल म्हणून. नवी नायिका निवडताना हा निकष कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

तेव्हा ती वाट बघणं आजपासून बंद कर. दुसऱ्याच्या आजारपणावर डोळा ठेवून बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलेलं आहे. कॅमेऱ्यात ते फार लवकर दिसतं.

आता तुझ्या नाटकातल्या मित्रांचा शिक्का. ऑडिशनच्या टेप बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून हे खात्रीने सांगते. कास्टिंगच्या खोलीत कोण कुठे स्टँड-इन आहे याची कोणाला गंधवार्ता नसते. बहुतेक ठिकाणी स्टँड-इनचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तर शिक्का मारणार कशावर? बाहेर तू कोरी आहेस.

शिक्का बसतो तो आत, तुझ्याच युनिटमध्ये, आणि तो मोठ्या प्रेमाने बसतो. वेळेवर येणारी, कुरकुर न करणारी, एकदा सांगितलेली हालचाल बरोबर लक्षात ठेवणारी मुलगी. अशा माणसाला कोणी सोडू इच्छित नाही, आणि हलवूही इच्छित नाही. 'साइनफेल्ड' ही अमेरिकन मालिका १९८९ ते १९९८ चालली. तिच्यात क्रेमरचं काम करणाऱ्या मायकेल रिचर्ड्सचा स्टँड-इन होता नॉर्मन ब्रेनर. तो कितीतरी भागांमध्ये पडद्यावरही दिसतो, कुठे गर्दीत, कुठे मागच्या टेबलावर. मालिकेचे चाहते आज त्याला शोधून काढतात. मला विचारशील तर हा मानाने केलेला, चांगला पेशा आहे. तोच हवा असेल तर मी तुला आनंदाने म्हणेन की रहा, दर वाढवून माग आणि उत्तम स्टँड-इन हो. पण तुझं पत्र तसं म्हणत नाही.

मग लगेच सोड असं का नाही म्हणत? कारण तू ज्या जागेवर उभी आहेस तिथे मिळणारं शिक्षण विकत मिळत नाही, आणि मला शंका आहे की त्यातलं निम्मंच तू घेते आहेस.

हे काम का लागतं, ते बघ. तीसच्या दशकात टेक्निकलरच्या तीन फिल्मवाल्या कॅमेऱ्याला इतका प्रचंड प्रकाश लागायचा की सेटवर नुसतं उभं राहणंही शिक्षा व्हायची. नटीला तासभर त्या उजेडात तिष्ठत ठेवलं तर मेकअपही टिकणार नाही आणि तीही. म्हणून तिच्या उंचीची, तिच्या रंगाची, तशाच केसांची दुसरी बाई उभी करायचे. दिवे आता थंड झाले, पण गरज गेली नाही, कारण प्रकाश अजूनही माणसावरच लावावा लागतो. उंची चार बोटं कमी पडली तर नाकाची सावली ओठावर उतरते आणि डोळ्यातला तो प्रकाशाचा ठिपका नाहीसा होतो. मॅडमच्या कॉस्च्युमचा रंग गडद आणि तू पांढरा कुडता घालून आलीस तर तुझ्या कपड्यावरून उजेड उसळून हनुवटीखाली चढतो आणि डीओपीचा, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराचा, सगळा हिशेब चुकतो. फोकस पुलर टेप घेऊन येतो आणि लेन्सपासून तुझ्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतो, ते नायिकेच्या डोळ्यासाठी. दिग्दर्शकाने तालमीत ठरवलेली प्रत्येक हालचाल, कुठे वळली, कुठल्या शब्दावर कप उचलला, तू ती परत करतेस म्हणून ट्रॉलीवाल्याला कळतं की कधी ढकलायचं.

प्रेक्षकांसमोर एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांवर चित्रित होणाऱ्या विनोदी मालिकांमध्ये तर स्टँड-इनचं काम आणखी मोठं असतं. १९५१ मध्ये 'आय लव्ह लूसी'साठी कार्ल फ्रॉइंड या छायाचित्रकाराने तीन फिल्म कॅमेरे एकदम चालवून प्रकाशयोजना बसवली आणि ती पद्धत पुढे रुळली. तशा मालिकांत कॅमेरा-ब्लॉकिंगच्या वेळी स्टँड-इन हातात संहिता घेऊन सीनमागून सीन चालतात, वाक्यं बोलतात, दारातून येतात, सोफ्यावर बसतात. कॅमेरे त्यांच्यावर तालीम करतात.

म्हणजे ११ महिने तू कॅमेऱ्याच्या अगदी समोर, दडपण न घेता उभी आहेस. नाटकातून आलेल्या मुलामुलींच्या टेप मी बघते तेव्हा त्याच त्या गोष्टी अडतात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला. क्लोजअप असताना मान एवढी हलते की चेहरा फ्रेमबाहेर. पहिल्या टेकला ग्लास 'नको' या शब्दावर ठेवला, दुसऱ्याला त्याच्या आधी, तिसऱ्याला ठेवलाच नाही, मग संकलकाने जोडायचं काय? मार्कवर येताना खाली बघणं तर हमखास. या सगळ्याची सवय तुझ्या अंगात आता बसलेली असणार, निदान बसायला हवी. मार्कवर उभं राहून सुरुवातीच्या जागेपर्यंत उलटी पावलं मोजायची, म्हणजे येताना खाली बघावं लागत नाही, हे तू कोणाला तरी करताना पाहिलं असशीलच. रोज कॅमेरा असिस्टंटला एक प्रश्न विचार: आत्ता कुठली लेन्स लागलीय आणि फ्रेम कुठे कापतेय? छातीवर कापत असेल तर हात किती उचलले की दिसतात, चेहऱ्यावर असेल तर भुवई किती उचलली की जास्त होते, हे उत्तर मिळाल्या मिळाल्या मॉनिटरकडे बघून पडताळ. लाइटिंग चालू असताना कोणाच्या मध्ये न येता विचारलंस तर बहुतेक असिस्टंट खुशीने सांगतात. त्यांना कोणी विचारतच नाही.

आता जे मला खटकतं ते सांगते.

स्टँड-इनने स्वतःचं काही घालायचं नसतं. मॅडम 'हो' म्हणताना खिडकीकडे वळल्या, तर तूही तिकडेच वळायचं. त्या थांबल्या तिथेच थांबायचं. तुझ्या मनात आलं की ही बाई इथे वळणार नाही, उलट त्याच्याकडे टक लावून बघेल, तरी ते मनातच ठेवायचं. तसंच हवं, ते कामच आहे. पण नटाचं सगळं भांडवल निर्णयाचं असतं. या वाक्यावर मी वळेन की नाही, हे माणूस खोटं बोलतंय हे मला आधीच कळलंय की आत्ता कळतंय, हे ठरवायची सवय तुला नाटकाने लावली होती. ११ महिने तू दुसऱ्या कोणाचे निर्णय, कितीही चांगले असले तरी दुसऱ्याचे, जशेच्या तसे उतरवते आहेस. आणि त्यासाठी रोज शाबासकी मिळते आहे. शाबासकी मिळत राहिली की सवय फार पक्की होते.

त्यात या ११ महिन्यांत ऑडिशन किती, तर चार. तुझ्या पत्रातली खरी बातमी मला ती वाटली. मैत्रीण, मित्र, शिक्का, मॅडम, आई यांच्यावर तू भरभरून लिहिलंस आणि हा आकडा एका वाक्यात उरकून पुढे गेलीस. स्टँड-इनचं काम अभिनयाच्या आड येतं ते इथे. लोक तुला कमी लेखतील म्हणून नव्हे, तर ऑडिशन ज्या वेळात होतात नेमक्या त्याच वेळात तू कोणाच्या तरी मार्कवर उभी असतेस म्हणून. हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या नटाला निदान दिवस मोकळा मिळतो.

म्हणून दोन कामं कर, एक स्वतःशी आणि एक प्रॉडक्शनशी.

स्वतःशी करायचं ते असं. सेटवर सीनचं पान हातात येतं तेव्हा नायिकेचं काम तू कसं करशील ते आधी ठरव, आणि पानाच्या मागे दोन ओळींत लिही. 'तिला माहीत आहे, पण ती कळू देत नाही' एवढंही पुरे. मग तुझं काम मुकाट्याने, चेहरा कोरा ठेवून कर. लाइटिंगच्या वेळी अभिनय दाखवायचा मोह होईल, विशेषतः दिग्दर्शक मॉनिटरवर असताना. अजिबात नको. डीओपीला त्या वेळी स्थिर चेहरा हवा असतो, अश्रू नकोत. मॅडमचा टेक झाला की तो मॉनिटरवर बघ आणि तुझं पान उलटून बघ. जिथे त्यांनी तुझ्यापेक्षा वेगळं केलं तिथे का केलं असेल? कधी त्यांचं चांगलं असेल. कधी तुझं असेल, आणि ते कोणाला सांगायची गरज नाही. आठवड्यातून एकदा त्यातला एक सीन घरी तुझ्या निर्णयाने फोनवर रेकॉर्ड कर. हे महिनाभर केलंस तर सेल्फ-टेप, म्हणजे स्वतः रेकॉर्ड केलेली ऑडिशन, मागितल्यावर तुझी धांदल उडणार नाही, आणि कास्टिंगला दोनदा 'शूटवर आहे' सांगण्याऐवजी त्याच रात्री टेप पाठवता येईल. सगळे टेप घेतात असं नाही. पण 'येऊ शकत नाही, आज रात्रीपर्यंत टेप पाठवू का?' एवढं विचारणाऱ्याला नाही म्हणणारे थोडे असतात.

क्यू देण्याबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. तिथे कोरं राहू नकोस. समोरचा कलाकार निघून गेलाय, मॅडमचा क्लोजअप आहे, आणि तू कॅमेऱ्याच्या कडेला उभी राहून त्याची वाक्यं म्हणते आहेस. तो अख्ख्या दिवसातला तुझा एकमेव खरा अभिनय आहे. मोठ्याने नको, रंगवून नको, पण खरं बोल आणि त्यांचं खरं ऐक. लेन्सच्या जितकं जवळ उभं राहता येईल तितकं रहा, म्हणजे त्यांचा लुक, त्यांच्या नजरेची दिशा, बरोबर पडेल. नुसती वाक्यं वाचून दाखवणारी स्टँड-इन आणि समोर खरोखर असणारी स्टँड-इन यांतला फरक मुख्य कलाकाराला पहिल्या ओळीत कळतो. त्या आपणहून काही बोलल्या तर बोलू देत. मेकअप रूममध्ये जाऊन शिफारस मागू नकोस. तिथे त्यांना दिवसभरात मिळणारी शांतता फार थोडी असते.

आता प्रॉडक्शन. युनिटमध्ये कॉल आणि पैसे जो बघतो त्याच्याशी बोल, सहायक दिग्दर्शकाशी नको. तो तुझा मित्र असेल, पण हे त्याच्या हातात नाही. पॅक-अपच्या गडबडीत नको, सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. दोनच गोष्टी माग. एक, आदल्या दिवशी सांगितलं तर ऑडिशनसाठी अर्धा दिवस सुटी. त्यांची पहिली अडचण असेल की मग उभं कोण राहणार, म्हणून उत्तर हातात घेऊनच जा. तुझ्या उंचीची, तुझ्याच रंगाची नाटकातली एखादी मैत्रीण शोध, तिला एक दिवस सेटवर आण, मार्क आणि जमिनीवरच्या टेपचे रंग शिकव. बदली कलाकार तयार असेल तर नाही म्हणायला कारण उरत नाही. तिला दिवसाचे पैसे मिळतील, तुला सुटी. आणि हो, ती तुझी जागा घेईल की काय अशी भीती वाटली, तर त्या भीतीकडे जरा नीट बघ. जी जागा तुला कायमची नकोच आहे, ती जाण्याची भीती का वाटावी?

दोन, खांद्याचे पैसे. कॅमेरा रोल होण्याआधी तू उभी असतेस तोवर ते स्टँड-इनचं काम. रोल झाला, तुझा खांदा, केस, हात फ्रेममध्ये आला आणि तो प्रसारित होणार असला, की ते बॉडी डबलचं काम झालं. ते वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे मागण्यात उर्मटपणा नाही. अमेरिकेत कलाकारांच्या युनियनच्या करारात स्टँड-इनचाच दर मुळी सामान्य पार्श्वकलाकारापेक्षा वेगळा आणि वरचा धरलेला आहे, कारण ते कौशल्याचं काम आहे हे तिथे केव्हाच मान्य झालंय. तुझ्याकडे तसा कागद नसेल तर तारखा लिहून ठेव, कोणत्या दिवशी, कोणत्या सीनला, किती शॉट. 'मला नेहमी लावता' असं म्हटलं तर हसून टाळतील. तारखांची यादी पुढे ठेवली तर बोलावं लागेल. मागच्यांचे मिळतील असं धरू नकोस, पुढच्यांचं ठरवून घे.

हे बोलून झालं की पुढचे चार महिने मोज. भूमिका मिळाली का ते मोजू नकोस, ते तुझ्या हातात नाही. ऑडिशन आणि टेप मोज. ठरलेली सुटी दोनदा ऐन वेळी नाकारली गेली, की तिसऱ्यांदा विचारू नकोस, महिनाअखेरीचा निरोप दे.

आणि या चार महिन्यांत एक नाटक कर. छोटं, एकपात्री, दोन पात्री, कसलंही. प्रयोगाची तारीख युनिटच्या सुटीच्या दिवशी घे आणि सगळ्यांना बोलाव. डीओपी येणार नाहीत कदाचित. पण कॅमेरा असिस्टंट, दुसरा एडी (सहायक दिग्दर्शक), तुला दिवसभर उभी बघणारी मुलं येतील, आणि त्यांच्या डोक्यातली तू बदलेल. त्यांच्याकडे लक्ष दे असं मी सांगते, कारण हीच मुलं पुढच्या मालिकेत जातात, एडीची दिग्दर्शक होतात, आणि एखाद्या संध्याकाळी 'या भूमिकेला कोणी आहे का' असा प्रश्न निघाला की त्यांच्या तोंडी जे नाव येतं ते त्यांनी काम करताना पाहिलेल्या माणसाचं असतं. सध्या त्यांनी तुला उभं राहिलेलंच पाहिलंय.

बायोडेटात स्टँड-इनचं काम भूमिकांच्या यादीत घालू नकोस. खाली वेगळी ओळ लिही, सेटवरचा अनुभव म्हणून. मालिकेचं नाव लिहून आपण त्यात काम केल्याचा भास निर्माण करणं तर नकोच. हा धंदा लहान आहे, एका फोनवर कळतं. विचारलं तर सरळ सांग की वर्षभर मार्क, लेन्स आणि कंटिन्युटी हेच केलंय. माझ्यासमोर एखादी मुलगी असं म्हणाली तर मी टेप दोन मिनिटं जास्त बघते.

आईचं त्याहून सोपं आहे. ती खोटं बोलत नाही, तिला तुझं काम काय ते माहीतच नाही. एकदा घरी, टीव्हीवर मालिका चालू असतानाच तिला दाखव: 'हा खांदा माझा. हा उजेड लावताना चाळीस मिनिटं मी उभी होते.' मग नातेवाईकांना काय सांगायचं ते ती ठरवेल, आणि माझा अंदाज आहे की तुझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगेल. 'कितव्या भागात?' असं कोणी विचारलं तर विषय बदलू नकोस. 'दिसत नाही अजून, कॅमेऱ्यामागचं काम आहे' एवढं म्हणून पुढचा घास घे.

राहिली नर्स. अशा भूमिकेचा एक तोटा असतो. मालिकेत एकदा चेहरा दिसला की त्याच मालिकेत दुसरं पात्र म्हणून येणं अवघड होतं, प्रेक्षक लगेच ओळखतात. म्हणून अनेक जण सांगतात की छोटं काम घेऊ नको, मोठ्याची वाट बघ. पण ११ महिन्यांत त्या मालिकेत मोठ्या कामासाठी तुला कोणी विचारलंय का? नाही. मग बंद होईल असं दार तिथे नाहीच, आणि नर्स कर असं माझं मत आहे. मात्र आधी पान माग. त्या तीन वाक्यांत नर्स काही करते का, की फक्त 'डॉक्टर येतायत' म्हणून जाते? सीन मास्टरमध्येच, म्हणजे सगळे एकत्र दिसणाऱ्या लांबच्या शॉटमध्येच, उरकणार आहे की तुझ्यावर एक तरी क्लोज आहे? क्लोज असेल तर प्रसारणानंतर ती क्लिप शोरीलसाठी, म्हणजे तुझ्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी, मिळेल का, हे आत्ताच विचारून घे. पैसे त्या दिवशीचे कलाकार म्हणून ठरव, स्टँड-इनच्या हजेरीत ते जिरवू देऊ नकोस. आणि एक प्रश्न, जो बहुधा अजून कोणालाच पडलेला नाही. नर्स बेडजवळ उभी असणार आणि बेडवर नायिका. लाइटिंग चालू असताना तू नर्सच्या मार्कवर असशील, तर मॅडमच्या जागी बेडवर कोण झोपणार? तू त्या दिवशी कलाकार आहेस, दोन्ही तू करणार नाहीस. त्या नाटकातल्या मैत्रिणीला पहिल्यांदा सेटवर आणायला हाच दिवस बरा. क्रिएटिव्हला हो म्हणण्याआधी तिला फोन करून तारीख विचारून ठेव.

– तुझी ताई